पहिल्या पेटीची खूण

कुरुंदा,
ता. ४ डिसेंबर २०२४

श्री. गोपाळराव यांस,

वर नमस्कार लिहिलेला नाही. तो विसरून राहिला असं समजू नये.

सहा वर्षांत तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, पुढंही लिहिली नसती. पण आमच्या सूनबाईनं, राधिकानं, न विचारता घोळ घालून ठेवला. ती नांदेडला गेली होती, आमच्या अभ्यासिकेच्या सर्व्हरला जुना प्रोसेसर पाहायला. चार दुकानं फिरली. पाचव्या दुकानात एक टकला माणूस तिच्याशी फार गोड बोलला, पाणी दिलं, गाव विचारलं, आणि कुरुंदा म्हटल्याबरोबर चिठ्ठीवरचा भाव आपल्या हातानं खोडून खाली दुसरा लिहिला. बावीस हजार खोडून नऊ हजार. तिला तुम्ही ओळखू आला नाहीत. ती लग्न होऊन आमच्या घरी आली तेव्हा तुमचं बिऱ्हाड वसमतहून उठलेलं होतं. मला मात्र चिठ्ठीवरचा नऊ पाहूनच कळलं. असा मागं रेललेला नऊ डावखुरा माणूसच काढतो, आणि मी तो वसमतच्या आपल्या दुरुस्तीच्या दुकानात तुमच्या शेजारी बसून बावीस वर्षं बिलांवर पाहिलेला आहे.

फोन करणार नाही. तुमचा नंबर मी बंद करून टाकला तो तसाच राहील. शिवाय फोनवर बोललेलं माणूस दुसऱ्या दिवशी नाकबूल करतो. कागद राहतो, चार माणसांना दाखवता येतो. म्हणून रजिस्टर पोस्टानं लिहून राहिलो.

आम्हाला ही वस्तू काहून पाहिजे ते सांगतो, म्हणजे म्हातारपणी काही खूळ लागलं असा प्रचार तुम्ही करणार नाही. गावातल्या जुन्या चावडीच्या खोलीत अभ्यासिका आहे. कोपऱ्यात एकच मोठी पेटी, आणि तिच्यातून अठरा पडद्यांना तारा गेलेल्या. पेटी मी जुळवली. इंग्रजी पुस्तक राधिकानं वाचायचं, मी हात चालवायचा, असं करत आठ महिने गेले. आता भरतीच्या परीक्षा सगळ्या संगणकावर होऊन राहिल्या. सरावाला आठ जणी बसल्या तोवर पेटी चालते. नववी बसली की सगळ्यांचे पडदे थिजतात, आणि घड्याळ तेवढं पुढं पळतं. या पोरींना नांदेडला खोली करून ठेवायला घरचे तयार नाहीत. परीक्षा फेब्रुवारीत आहे. तोवर अठराच्या अठरा पडदे एका वेळी चालले तर चालले, नाही तर दहा जणी माउस न हलवता परीक्षेला जातील. नवा प्रोसेसर आमच्या ऐपतीत नाही. येवढीच गोष्ट.

आता मुद्द्यावर. बावीसचा माल नऊला काहून?

तुम्ही देवळाच्या घरचे, मी मेंढक्याच्या. माझा बाप बाजारात मेंढी पाहताना दात नंतर पाहायचा, आधी तिच्या कानाला हात घालायचा. दर घराचा कान कापायचा काप वेगळा. कान कापलेला असला की बाप विचारायचा, ‘कोन्या घरची हाय? त्याला उभा करा समोर.’ जुना मालक समोर आला नाही तर फुकटातही घ्यायचा नाही.

प्रोसेसरलाही तसंच आहे, हे मी वाचलेलं आहे. काही मोठ्या कंपन्यांच्या पेट्या अशा असतात की तिथं बसलेला प्रोसेसर त्याच कंपनीचा होऊन राहतो. आतल्या आत खूण जळते. मग दुसऱ्या पेटीत तो डोळा उघडत नाही, आणि ती खूण ब्रह्मदेवालाही पुसता येत नाही. असा खुणेचा माल बाजारात निम्म्याहून खाली विकतात. तुमचा नऊ मला त्याच कळपातला वाटून राहिला. तेव्हा कोणत्या घरून आला, खूण आहे का, आणि नऊ काहून, हे लिहून द्यावं. खाली सही करावी.

आणि एक ध्यानात ठेवा. शाळेतला तो जळका यूपीएस अजून माझ्याजवळ आहे. तुम्ही जुना आणून बसवलात, त्यापायी संगणकाची खोली पेटली, बारा संगणकांचा कोळसा झाला. लेकरं सुट्टीवर होती म्हणून निभावलं. फ्यूजच्या जागी घातलेला तांब्याच्या तारेचा पीळ त्यात जसाच्या तसा आहे. मी वसमतच्या स्टँडसमोर जिवनबाईच्या हॉटेलात चारचौघांत जे बोललो, ते पुराव्यावर बोललो.

रखमाजी

(नावाआधी ‘आपला’ लिहिलेलं नाही. तेही विसरून नव्हे.)


कुरुंदा,
ता. ११ डिसेंबर २०२४

श्री. गोपाळराव,

कार्ड मिळालं. दीड पान लिहून विचारलं, त्याला तुमचं उत्तर चार ओळींचं. ‘रखमाजी, बिनखुणेचा आहे. आठ दिवस ठेवून पाहा. नाही जमला तर परत पाठव, जमला तर पैसे पाठव. प्रेमा विचारत होती, पंचफुलाबाईचा गुडघा कसा आहे.’

मी ‘तुम्ही’ लिहितो आणि तुम्ही ‘तू’ लिहिता. देवळाच्या घरचा रिवाज असावा.

कोणत्या घरून आला, त्याचं उत्तर नाही. नऊ काहून, त्याचं उत्तर नाही. सही आहे, पण ती ओळखीची आहे म्हणून तिचा काही उपयोग नाही. आणि तुमच्या बायकोला गुडघ्याची चौकशी कशाला? माझी बायको, तिचा गुडघा. त्याचा आणि प्रोसेसरचा काय संबंध?

कार्ड पंचफुलानं वाचून घेतलं राधिकाकडून. मला म्हणाली, “इचारलं तं सांगून टाका नं, दुखून राहिला म्हून.”

मी म्हटलं, “त्यांच्या पुढं दुखणं सांगायची काही गरज न्हाई.”

“दुखणं माझं हाय,” ती म्हणाली, “भांडण तुमचं हाय. दोन्ही एका गाठोड्यात काहून बांधता?”

तिच्याशी बोलण्यात अर्थ नाही. सहा वर्षं ती हेच बोलून राहिली, फक्त गुडघा नवा आहे.

तरी राधिकाचं तोंड पाहून कबूल करतो. पाठवा. आठ दिवस म्हणजे आठ दिवस, पार्सल हातात पडल्यापासून मोजीन. मी तो माझ्या पद्धतीनं तपासीन. तुमच्या शब्दावर मी आता एक फ्यूज घेणार नाही. आणि सोबत कागद घालू नका. हे असं लाव, ते तसं लाव, हा तुमचा जुना मास्तरकीचा सोस मला ठाऊक आहे. सोल्डरिंग तुम्हाला मी शिकवलं हे विसरून चालणार नाही. तुमच्या हातचा कागद निघाला तर वाचणार नाही, सरळ चुलीत जाईल.

रखमाजी


कुरुंदा,
ता. १८ डिसेंबर २०२४

गोपाळराव,

‘श्री’ काढून टाकला आहे.

परवा सोमवारी पार्सल आलं. पुठ्ठ्याचा खोका, आत जुन्या लुगड्याचा तुकडा चार घड्या करून, आणि त्याच्या आत प्लॅस्टिकच्या चौकटीत तुमचा तो प्रोसेसर, पानाच्या डबीएवढा. लुगडं मी काढून फेकलं. प्रोसेसर उन्हात धरून पाहिला, खालचे सोनेरी ठिपके भिंग लावून पाहिले. वरून स्वच्छ. वरून तुम्हीही स्वच्छच दिसायचे.

आधी माझ्या पेटीत घातलाच नाही. मी येवढा खुळा नाही. मी विचार केला, यावर खूण असली तर तो त्या मोठ्या कंपनीच्या पेटीतच चालेल. मग आधी तिथंच घालून पाहावा. तिथं चालला, की समजायचं गाय कोणत्या गोठ्यातली. हिंगोलीत भीमसिंग आहे, इंटरनेटच्या तारा गावोगाव देतो, त्याच्याकडं त्या कंपनीचा जुना सर्व्हर आहे. काल सकाळच्या गाडीनं प्रोसेसर डब्यात घालून हिंगोलीला गेलो. दुपारी त्याच्या गिऱ्हाइकांची वर्दळ नसते, तेव्हा त्यानं पेटी बंद करून दिली. त्याचा प्रोसेसर काढला, तुमचा बसवला, तिन्ही स्क्रू क्रमानं आवळले, बटण दाबलं.

चालू झाला! पडद्यावर कंपनीचं नाव झळकलं, खाली काही विचारलं, भीमसिंगनं बटण दाबून पुढं ढकललं, आणि मशीन वाऱ्यासारखं पळायला लागलं.

मी टाळी वाजवली. म्हटलं, “पकडला!”

भीमसिंग माझ्याकडं पाहत राहिला. म्हणाला, “चाचा, मशीन चालू हुई इसकी खुशी है, के आदमी चोर निकला इसकी?”

मी म्हटलं, “दोनों की.”

“नहीं चाचा,” तो म्हणाला, “एकही की दिख रही है.”

त्याला काय ठाऊक. सांजवेळी परत आलो, अभ्यासिकेत पोरी बसल्या होत्या, त्यांना उठवलं आणि माझ्या पेटीत तुमचा प्रोसेसर बसवला. पंखा फिरतो, दिवा लागतो, पडदा काळा. काढला, पुसला, पुन्हा बसवला. काळा. चार वेळा केलं. मग जुना घातला, तर पेटी पहिल्यासारखी चालू. म्हणजे पेटी बराबर आहे आणि तुमचा माल खुणेचा आहे. कंपनीच्या पेटीत चालतो, माझ्यात नाही. यापेक्षा सरळ पुरावा आणखी कोणता असतो?

अठरा पोरी माझ्या मागं उभ्या होत्या. एकीनं हळूच विचारलं, “बाबा, काय झालं?” मी म्हटलं, “काही न्हाई, ओळखीच्या माणसाकडून घेतलं.” त्यांना काही कळलं नाही. तुम्हाला कळेल.

‘बिनखुणेचा आहे’ हे तुमच्या हातचं कार्ड माझ्याजवळ आहे, सहीसकट. नऊ काहून, तेही कळलं. तुम्हाला वाटलं, म्हातारा खेड्यात बसला, त्याला काय समजतं. सहा वर्षांमागं जुना यूपीएस शाळेच्या गळ्यात घातलात, आता हा आमच्या. माणूस बदलत नाही, फक्त दुकानाचा पत्ता बदलतो.

प्रोसेसर परत पाठवून राहिलो. येत्या बाजाराच्या दिवशी जिवनबाईच्या हॉटेलात दोन्ही गोष्टी सांगीन, नवी आणि जुनी. हे पत्र रजिस्टर केलं आहे.

रखमाजी


कुरुंदा,
ता. २१ डिसेंबर २०२४

गोपाळ,

अठरा तारखेचं पत्र परत मागवता येतं का म्हणून मी काल पोस्टात विचारलं. पोस्टमास्तर म्हणाले, “बाबा, रजिस्टर तुमीच केलं नं? मंग आता ते पोचल्याबिगर राहत न्हाई.”

तेव्हा ते तुला पोचलंच असेल. त्यातलं काय खरं आणि काय नाही, ते आता सांगतो. हे माफीचं पत्र नाही. हिशेब चुकला तर तो दुरुस्त करावा लागतो, तेवढंच.

गुरुवारी प्रोसेसर परत पाठवायला खोका शोधला. खोका सापडला, लुगडं सापडेना. पंचफुलानं उचलून ठेवलेलं. म्हटलं, “दे ते, प्रोसेसर गुंडाळायचा आहे.”

“कागदात गुंडाळा,” ती म्हणाली. “हे प्रेमाचं लुगडं हाय. अंजिरी. आपल्या मुकुलच्या बारशाला नेसली होती. म्या गोधडीत घालून राहिले.”

“त्यांच्या घरची चिंधी आपल्या गोधडीत नको.”

“गोधडी कोन पांघरते? तुमी का म्या?”

मी एक टोक धरून ओढलं, तिनं दुसरं सोडलं नाही. साठी उलटलेली दोन माणसं अंगणात लुगडं ओढून राहिली, सून दारात उभी राहून पाहून राहिली. घडी सुटली आणि आतून तुझी चिठ्ठी खाली पडली. सुईदोऱ्यानं टाचलेली होती, टाका तुटला म्हणून पडली.

चुलीत घालीन म्हणालो होतो. पण राधिकानं उचलली आणि तिथंच मोठ्यानं वाचली. मला थांबवता आलं नाही, कारण गुडघ्यात वाकायला मलाही आता वेळ लागतो.

‘रखमाजी, हा कोऱ्या कानाचा आहे. पण कोणत्याही मोठ्या कंपनीच्या पेटीत घालून पाहू नको. पहिल्या पेटीत बसवून चालू केला की तिची खूण याला लागते आणि निघत नाही. सरळ तुझ्या पेटीत घाल. तू कागद वाचणार नाहीस म्हणालास, पण आधी तपासशील हे ठाऊक आहे, म्हणून लिहून ठेवलं.’

म्हणजे तो खुणेचा नव्हता. भीमसिंगच्या पेटीत मी बटण दाबलं, पडद्यावर काही विचारलं, भीमसिंगनं पुढं ढकललं, त्या घडीला खूण लागली. मी टाळी वाजवली तेव्हा.

काल पुस्तक काढून राधिकाला ते पान पुन्हा वाचायला लावलं. खुणेचा कुठं चालतो आणि कुठं चालत नाही, येवढं मी ध्यानात ठेवलं होतं. बिनखुणेचा कुठंही चालतो, आणि चुकीच्या ठिकाणी चालवला की खुणेचा होतो, हे खालच्या दोन ओळींत होतं. तिनं तेव्हाही वाचलं होतं. मीच म्हटलं होतं, “समजलं, पुढं चल.”

आता तुला एक सांगतो, ते सांगितलं नसतं तर तुला कधी कळलं नसतं. आठ दिवसांतले चार दिवस बाकी होते. मी प्रोसेसर परत पाठवला असता तर तू घेतला असतास. चिठ्ठी चुलीत गेली असती. खूण कुठं लागली ते अठरा तारखेच्या पत्रावरून तुला कळलं असतं, पण वाटलं असतं, रखमाजीनं चिठ्ठी पाहिलीच नाही, नकळत केलं. राधिकानं मला विचारलंही, “बाबा, मग पाठवायचा नं परत?” तिनं चिठ्ठी वाचलेली, तरी विचारलं. पोरगी हुशार आहे. मी म्हटलं, पाहू. दीड दिवस पाहिलं.

माझ्या बापाची एक गोष्ट तुला ठाऊक नाही, कारण मी कोणाला सांगत नाही. कळप पुसेगावच्या बाजूला बसला होता. शेजारच्या वाघरीतलं, मेंढरं कोंडायच्या जाळ्यातलं, एक कोकरू खालून सरकून आमच्याकडं आलं, आणि बापानं आपलं समजून त्याचा कान कापला. सकाळी कळलं. कापलेला कान परत जोडता येत नाही. आमच्यात रीत अशी की, कान ज्यानं कापला त्यानं ते कोकरू ठेवून घ्यायचं, आणि ज्याचं होतं त्याला आपल्या कळपात उभं करून म्हणायचं, ‘तुला पाहिजे ते उचल.’ तो जे उचलेल त्याला नाही म्हणायचं नाही. त्या माणसानं आमची सगळ्यात चांगली मेंढी उचलली. आई तीन दिवस जेवली नाही.

तेव्हा प्रोसेसर मी ठेवून घेतो. नऊला नाही, बावीसला. तू भाव काहून पाडलास ते मला विचारायचं नाही आणि ऐकायचंही नाही. दुसरा असला तर काढून ठेव, त्याचाही भाव बाजारचा. त्यासाठी मी मोटार-वाइंडिंगचं मशीन विकून राहिलो. आता हात थरथरतात, ते तसंही धूळ खात पडलं होतं.

हा खुणेचा झालेला भीमसिंगला देईन. तो म्हणतो, ‘चाचा, अब तो ये मेरे ही खूंटे की है.’ बदल्यात परीक्षेपर्यंत अभ्यासिकेची इंटरनेटची तार तो फुकट देणार आहे.

आणि रीतीप्रमाणं विचारतो. माझ्या घरात, दुकानात, जे आहे त्यातलं तुला काय पाहिजे ते निवड. नाही म्हणणार नाही. ते माझं चांगलं दहा अँपिअरचं मीटर मागशील हे ठाऊक आहे. माग.

रखमाजी


कुरुंदा,
ता. ३ जानेवारी २०२५

गोप्या,

तुझं कार्ड परवा आलं. ‘दुसरा काढून ठेवला आहे. तुझा हट्ट म्हणून बाजारभाव घेतो. निवड म्हणतोस तर तो जळका यूपीएस दे. दुसरं काही नको.’

मला वाटलं होतं मीटर मागशील. म्हणजे मीटर मागावं असं वाटत होतं.

कार्ड घेऊन मी अंगणात बसलो. पंचफुलानं विचारलं, “काय मागितलं?” सांगितलं. ती म्हणाली, “मंग द्या नं. तुमीच तं म्हन्ता, पुरावा हाय.”

हो, पुरावा आहे. सहा वर्षं मी तो लोखंडी पेटाऱ्यात ठेवला आहे, वर कापड झाकून. लोकांना वाटतं तुझ्या विरुद्ध ठेवला. पहिली तीन वर्षं मलाही तसंच वाटत होतं.

शाळेत दर आठवड्याला फ्यूज उडायचा. परीक्षेचे दिवस होते, हेडमास्तर सारखे फोन करायचे. कधी तू जायचास, कधी मी. कोणी तरी एकानं वैतागून फ्यूजच्या जागी तांब्याची तार पिळून घातली, की आता उडणारच नाही. उडाला नाही. म्हणून खोली पेटली. मी मनाशी पक्कं धरलं की ते तूच केलंस. मला आठवतच नव्हतं, तर मी केलेलं कसं असेल? आणि जिवनबाईच्या हॉटेलात उभा राहून बोललो. तू ‘मी नाही’ येवढंच म्हणालास आणि पुढं बोलला नाहीस. न बोलणं म्हणजे कबुली, असं मी सगळ्यांना सांगितलं. त्यानंतर वसमतला तुझ्याकडं कोणी कामाला आलं नाही.

तीन वर्षांमागं दिवाळीच्या साफसफाईत पेटारा उघडला. काजळी पुसली आणि तो पीळ नीट पाहिला. गोप्या, तार पिळताना तुझा हात डावीकडं फिरतो, माझा उजवीकडं. बावीस वर्षं एका बाकावर बसून आपण तारा पिळल्या, कोणती कोणाची ते न पाहता सांगायचो.

तो पीळ उजवा आहे.

मी परत कापड झाकलं. तीन वर्षं झाकलेलं आहे. आणि महिन्याभरामागं त्याच यूपीएसची तुला धमकी दिली, ते पत्रही रजिस्टर केलं.

तुला हे ठाऊक होतं का? म्हणून तेच मागितलंस? की तुला नुसतं पाहायचं आहे? उत्तर कळवायची गरज नाही.

कार्ड आलं त्याच दुपारी वसमतला गेलो. जिवनबाईच्या हॉटेलात तीच माणसं, दोन वारलेली सोडून. चहा घेतला आणि सांगितलं, तार मी पिळली होती, गोपाळनं नाही, आणि मला तीन वर्षांपासून ठाऊक आहे. जिवनबाई गाळणीतून चहा गाळून राहिली होती, ती वर न पाहता म्हणाली, “भाऊ, तवा तुमी उभं राहून बोलले होते. आता बसून काहून सांगून राहिले?”

मग उठलो. पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, उभं राहून. मागच्या बाकावरच्या एकाला ऐकू आलं नाही, त्याला तिसऱ्यांदा सांगितलं. जिवनबाईनं पैसे घेतले नाहीत असं तुला वाटत असेल, तर ते चूक आहे. तिनं घेतले.

यामुळं तुझी गेलेली गिऱ्हाइकं परत येणार नाहीत, वसमतचं घरही नाही, हे मला कळतं. आणि आपलं मिटलं असंही तू धरून चालू नको. माझे दोन मुद्दे अजून बाकी आहेत. एक, येवढी महत्त्वाची चिठ्ठी कोणी लुगड्याच्या घडीत टाचतं का? खोक्याच्या झाकणावर चिकटवली असती तर? मी फेकून दिली असती, हे खरं, पण तरी. दुसरा मुद्दा, मी सहा वर्षं बोलून राहिलो आणि तू एकदाही वसमतला येऊन माझी गचांडी धरली नाहीस. आला असतास तर पेटारा तीन वर्षं आधी उघडला असता. याचा राग मला अजून आहे आणि तो मी समोर बसून काढणार आहे.

रविवारी येतो. यूपीएस पार्सलनं पाठवणार नाही. बॅटरीसकट तो चौदा किलो भरतो. त्या दिवाळीनंतर झाकण उघडलेलं नाही, पीळ आहे तसाच आहे, कापूस भरून खोक्यात घातला आहे. परतताना दुसरा प्रोसेसर घेऊन जाईन. तो सरळ माझ्या पेटीत घालीन, वाटेत कुठं थांबणार नाही. सोमवारी अठराही पडदे लावायचे आहेत, राधिकानं पोरींना सांगून ठेवलं.

गाडी साडेदहाला नांदेडला पोचते. स्टँडवर घ्यायला येऊ नको. तिथून तुझ्या दुकानापर्यंत ते ओझं मीच आणीन.

रखमाजी

ता. क. पंचफुलाचा गुडघा दुखतो. जिना चढवत नाही. वहिनीला सांग.